मध्यकर्ण : हवेतील ध्वनी अंतर्कर्णापर्यंत कसा पोचतो

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव प्राचीन काळी तगर या नावाने प्रसिद्ध होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात दक्षिणेतील व्यापारपेठ म्हणून या नगराचा उल्लेख आढळतो. तेर्णेच्या काठी वसलेले हेच गाव संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून सर्व महाराष्ट्रास परिचित आहे. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची मस्तके थापटून कोण पक्का व कोण कच्चा हे ठरविले, ही आख्यायिका शाळेतील बहुतेक मुलांनी ऐकलेली असते. आख्यायिकेतील आध्यात्मिक अर्थ बाजूस ठेवला तरी तिच्या मुळाशी कुंभाराच्या व्यवसायातील एक साधा अनुभव आहे. भाजलेले मडके बोटाने वाजवून पाहिले असता ते खणखणीत वाजले तर ते चांगले. आवाज भद्द आला तर त्याला कोठेतरी तडा आहे. डोळ्यांना न दिसणारा तडा कानाला कळतो.

कानाची ही शक्ती इतकी नित्याची आहे की तिच्याविषयी नवल वाटत नाही. वास्तविक मडक्याच्या कंपनाने हवा हलते, ती हालचाल कानात शिरते व तेथून मज्जातंतूंच्या द्वारे मेंदूस कळते, या प्रवासात एक मोठा अडथळा आहे. तो अडथळा दूर करण्याचे कार्य हरभऱ्याच्या दोनतीन दाण्यांएवढ्या जागेत बसविलेली एक यंत्रणा करीत असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. या यंत्रणेत लहान मुलांच्या बाबतीत वरचेवर बिघाड होतो, आणि त्या बिघाडाचा परिणाम प्रथम दिसतो तो वर्गात. म्हणून तिची माहिती प्राथमिक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

अडथळा कोणता?

विहिरीत पोहणाऱ्या मुलांना एक गोष्ट ठाऊक असते. डोके पाण्याखाली असताना काठावरून कोणी हाका मारल्या तर त्या जवळजवळ ऐकू येत नाहीत. परंतु पाण्याखालीच दोन दगड एकमेकांवर आपटले तर त्यांचा आवाज चांगला मोठा ऐकू येतो. यावरून असे दिसते की पाणी ध्वनीस अडवीत नाही. अडचण येते ती ध्वनी हवेतून पाण्यात शिरताना. हवा विरळ व सहज दबणारी आहे, तर पाणी दाट व दबण्यास अत्यंत कठीण आहे. हवेच्या हलक्या धक्क्यांनी पाणी हलत नाही व ध्वनी पृष्ठभागावरूनच परततो. हवेतून पाण्याच्या पृष्ठभागावर सरळ पडलेल्या ध्वनीच्या ऊर्जेपैकी सुमारे एक सहस्रांश भाग तेवढा आत जातो, बाकीचा परावर्तित होतो.

ध्वनी ओळखणाऱ्या सूक्ष्म पेशी अंतर्कर्णात असतात, आणि अंतर्कर्ण हा द्रवाने भरलेला असतो. म्हणजे शिक्षकाचा शब्द हवेत आणि ऐकणाऱ्या पेशी द्रवात, अशी स्थिती आहे. मध्यकर्ण नसता तर प्रत्येक मनुष्य पाण्यात डोके बुडविलेल्या पोहणाऱ्यासारखाच झाला असता. हवेतील दुबळ्या धक्क्यांचे द्रव हलविण्याजोग्या जोरदार धक्क्यांत रूपांतर करणे, हे मध्यकर्णाचे मुख्य कार्य होय.

रचना

कानाचे तीन भाग पडतात. बाहेरून दिसणारी कानाची पाळ व आत जाणारी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची नळी मिळून बाह्यकर्ण होतो. या नळीच्या शेवटी एक पातळ पडदा ताणून बसविलेला असतो. त्याचा व्यास सुमारे ९ ते १० मिलिमीटर व जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर असते. पखवाजावरील पुडीप्रमाणे तो सपाट नसतो, तर आतल्या बाजूस थोडा खोलगट असतो.

पडद्याच्या आत हवेने भरलेली एक लहानशी पोकळी आहे. हाच मध्यकर्ण. या पोकळीत एकापुढे एक जोडलेली तीन हाडे असतात. त्यांच्या आकारावरून त्यांस हातोडी, ऐरण व रिकीब अशी नावे पडली आहेत. हातोडीचा दांडा पडद्यास आतून चिकटलेला असतो, तिचे डोके ऐरणीशी सांध्याने जोडलेले असते, आणि ऐरणीचे टोक रिकिबीस जोडलेले असते. रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड होय. त्याची उंची सुमारे ३ मिलिमीटर व वजन सुमारे ३ मिलिग्रॅम असते. घोड्याच्या रिकिबीत पाय ठेवावयाची जी पट्टी असते, तशी या हाडाचीही एक चपटी पट्टी असते. ही पट्टी अंतर्कर्णाच्या भिंतीतील लांबट गवाक्षात अगदी बेताने बसलेली असून लवचीक तंतूंनी कडेशी बांधलेली असते.

ध्वनीने पडदा आतबाहेर हलला की हातोडी हलते, तिच्याबरोबर ऐरण हलते, आणि रिकिबीची पट्टी गवाक्षात मागेपुढे होऊन आतील द्रवास ढकलते. ही हालचाल अतिशय सूक्ष्म असते. निरोगी कानास जेमतेम ऐकू येणाऱ्या मंद आवाजाने पडदा जेवढा हलतो, ते अंतर हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाहूनही कमी भरते.

धक्का जोरदार कसा होतो?

आता असा प्रश्न उद्भवतो की, पडद्याची हालचाल केवळ हाडांवाटे पुढे गेल्याने तिचा जोर कसा वाढावा? याचे उत्तर दोन साध्या तत्त्वांत आहे.

पहिले तत्त्व क्षेत्रफळाचे. टाचणी कागदात टोचताना अंगठा तिच्या रुंद माथ्यावर दाबला जातो. अंगठ्यास इजा होत नाही, पण तेच बल टोकाच्या अल्प जागेवर एकवटल्याने कागदास भोक पडते. कानातही असेच घडते. पडद्याचा जो भाग प्रत्यक्ष कामी येतो त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस मिलिमीटर असते, तर रिकिबीच्या पट्टीचे क्षेत्रफळ सुमारे ३.२ चौरस मिलिमीटर असते. ५५ ला ३.२ ने भागले असता सुमारे १७ येतात. मोठ्या पडद्यावर गोळा झालेले बल लहान पट्टीवर एकवटते, म्हणून दाब सुमारे १७ पट होतो.

दुसरे तत्त्व तरफेचे. हातोडीचा दांडा ऐरणीच्या दांड्याहून थोडा लांब आहे. पहारीचा लांब भाग हाती धरला म्हणजे जड धोंडा हलतो, त्याच न्यायाने येथे बल सुमारे १.३ पट वाढते. १७ ला १.३ ने गुणले असता सुमारे २२ हा गुणाकार येतो. म्हणजे पडद्यावर पडलेला दाब अंतर्कर्णाच्या दाराशी सुमारे बावीसपट होऊन पोचतो. ध्वनिमापनाच्या परिभाषेत हा लाभ सुमारे २७ डेसिबेल होतो. हवेतून द्रवात जाताना होणारी हानी सुमारे ३० डेसिबेल असते. यावरून मध्यकर्ण त्या हानीची बहुतेक भरपाई करतो असे दिसून येईल. (सर्व उंचीच्या स्वरांस हा लाभ सारखाच होत नाही. मनुष्याच्या बोलण्यातील मध्यम स्वरांस तो विशेष होतो.)

येथे मुलांचा एक गैरसमज होण्याचा संभव असतो, तो शिक्षकांनी दूर करावा. मध्यकर्ण नवी ऊर्जा निर्माण करीत नाही. तरफेने बल वाढते तेव्हा हालचाल तेवढीच घटते. हाडांची ही साखळी पुष्कळ हालचाल व थोडा दाब यांच्या मोबदल्यात थोडी हालचाल व पुष्कळ दाब देते, इतकेच.

या हाडांच्या यांत्रिक क्रियेचा पद्धतशीर विचार जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केला. पुढे हंगेरीत जन्मलेल्या बेकेशी यांनी टेलिफोनविषयक संशोधन करीत असताना कानाच्या अभ्यासास प्रारंभ केला, आणि ध्वनीची लाट अंतर्कर्णातील पातळ पटलावरून कशी धावते हे प्रयोगांनी दाखवून दिले. त्याबद्दल त्यांस १९६१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अंतर्कर्णातील श्रवणाचा भाग गोगलगाईच्या शंखाप्रमाणे अडीच वेढ्यांचा असतो. द्रव दाबला जात नसल्यामुळे रिकीब आत सरकली की द्रवास कोठेतरी जागा द्यावी लागते. त्यासाठी दुसरे एक वाटोळे गवाक्ष असून त्यावर पातळ पडदा असतो. रिकीब आत गेली की हा पडदा बाहेर फुगतो. दोहोंच्या दरम्यान द्रवात उठणाऱ्या लाटेने सूक्ष्म केसांसारख्या तंतूंनी युक्त पेशी उद्दीपित होतात व मज्जातंतू संदेश मेंदूकडे नेतात. उंच स्वर शंखाच्या मुखाशी व खर्जाचे स्वर टोकाशी ओळखले जातात.

दोन पहारेकरी स्नायू व एक नळी

मध्यकर्णात दोन छोटे स्नायू आहेत. मोठा आवाज झाला की विशेषतः रिकिबीचा स्नायू आपोआप आखडतो व हाडांची साखळी ताठ होऊन आत जाणारा आवाज काहीसा कमी होतो. परंतु स्नायूस आखडण्यास सेकंदाचा अल्प अंश तरी लागतोच. फटाका कानाशी उडाला तर आवाज आत पोचल्यावर पहारेकरी जागा होतो. म्हणून अकस्मात होणाऱ्या स्फोटापासून हे स्नायू रक्षण करू शकत नाहीत.

मध्यकर्णाच्या पोकळीतून एक अरुंद नळी घशाच्या वरच्या, नाकामागील भागात उघडते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ युस्टाकी यांच्या नावाने ती ओळखली जाते. पडद्याने मोकळेपणी कंप पावण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंस हवेचा दाब सारखा हवा. एरवी मिटलेली ही नळी आवंढा गिळताना वा जांभई देताना क्षणभर उघडते व दाब समान करते. एस. टी. मोटार घाट चढू लागली की कानास दडे बसतात आणि आवंढा गिळला की ते सुटतात, याचे कारण हेच.

मोठ्या माणसात ही नळी सुमारे ३६ मिलिमीटर लांब व उतरती असते. तान्ह्या मुलात तिची लांबी सुमारे निम्मी असते व ती आडवी असते. त्यामुळे सर्दीपडशातील जंतू घशातून मध्यकर्णात सहज पोचतात, आणि नाकामागील गाठी सुजल्या तर नळीचे तोंड बंद होते. मूल सातआठ वर्षांचे होईपर्यंत ही रचना हळूहळू सुधारते. म्हणजे पहिली-दुसरीचा वर्ग हा नेमका कानाच्या कच्च्या वयाचा वर्ग होय.

यंत्रणा बिघडते तेव्हा

नळी बंद राहिली की पोकळीतील हवा शोषली जाते व तिच्या जागी चिकट पाणी साचते. पडदा व हाडे त्या पाण्यात जखडल्यासारखी होतात. कान दुखत नाही, वाहत नाही, बाहेरून काही दिसत नाही. पण मुलास सर्व आवाज कानात कापसाचे बोळे घातल्यासारखे ऐकू येतात. जंतूंनी पू झाला तर कान ठणकतो, ताप येतो, आणि पडदा फुटून कान वाहू लागतो. पुष्कळदा असे छिद्र आपोआप भरते. ते न भरता कान महिनोगणती वाहत राहिला तर हाडेही झिजतात. पडदा फाटला म्हणजे दाब गोळा करणारे क्षेत्रच कमी होते, आणि हाडांची साखळी तुटली म्हणजे बावीसपटीचा सारा हिशेबच कोसळतो.

पाणी साचल्यामुळे येणारे बहिरेपण स्थिर नसते. पडसे वाढले की ते वाढते, उतरले की कमी होते. तेच मूल एका आठवड्यात नीट उत्तरे देते व दुसऱ्या आठवड्यात हाक मारूनही वळत नाही. अशा वेळी ‘याला सगळे ऐकू येते, हा सोंग करतो’ असा ग्रह होतो आणि निर्दोष मुलास शिक्षा भोगावी लागते. म्हणून पुढील लक्षणांकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे : मूल वारंवार ‘काय?’ म्हणून विचारते. बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून पाहते. एकच कान पुढे करते. फळ्यावरील गणित बरोबर सोडविते पण तोंडी गणितात चुकते. श्रुतलेखनात शब्द गाळते किंवा सारख्या उच्चाराच्या शब्दांत घोटाळा करते. शेजाऱ्याच्या वहीत पाहून मगच पुस्तक उघडते. तोंड उघडे ठेवून श्वास घेते. कानातून पाणी वा दुर्गंधी येते. असे मूल नेहमी मोठ्यानेच बोलते असे नाही. स्वतःचा आवाज डोक्याच्या हाडांतून त्याला चांगला ऐकू येत असल्याने ते उलट हळू बोलते.

संशय आल्यास एक सोपी चाचणी करावी. शांत खोलीत मुलाच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहावे. मुलाने एका कानाच्या तोंडावरील कूर्चा बोटाने दाबून हळूहळू चोळीत राहावे. शिक्षकाने श्वास सोडून, कुजबुजत्या आवाजात तीन अंक उच्चारावे व मुलाने ते परत म्हणावे. चूक झाल्यास दुसरे तीन अंक द्यावे. सहांपैकी तीनही बरोबर न आल्यास तो कान तपासून घेणे जरूर आहे. दोन्ही कानांची चाचणी निरनिराळी करावी. ही चाचणी रोगनिदान नव्हे. पालकांस व वैद्यकीय पथकास सांगण्याजोगे कारण तिने मिळते, एवढेच.

करावयाच्या व टाळावयाच्या गोष्टी

वाहत्या कानात कोमट तेल, लसणीचा वा पानांचा रस घालण्याची चाल खेड्यांतून अद्याप आहे. फाटलेल्या पडद्यातून हे पदार्थ थेट मध्यकर्णात उतरतात व अपाय करतात. काडी, हेअरपिन किंवा कापूस गुंडाळलेली काटकी कानात घालू नये. ज्वारीचा वा हरभऱ्याचा दाणा कानात गेला असता पाणी घालू नये, कारण दाणा फुगून अधिक घट्ट बसतो. डॉक्टरांकडूनच तो काढवावा. कान वाहत असेपर्यंत नदी-विहिरीत पोहणे बंद ठेवावे. कानामागे सूज येणे, तोंड एका बाजूस वाकडे होणे, तापाबरोबर तीव्र डोकेदुखी, उलटी वा भोवळ ही लक्षणे दिसताच मुलास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

मुलाच्या कानशिलात मारणे हा प्रकार तर सर्वस्वी निषिद्ध मानला पाहिजे. पसरट तळहात कानावर बसला की नळीतील हवा एकदम दाबली जाते आणि एक दशांश मिलिमीटर जाडीचा पडदा फाटतो. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाने शाळेतील शारीरिक शिक्षेस बंदी केलेलीच आहे. त्या बंदीचे शरीरशास्त्रीय कारणही शिक्षकांस व पालकांस ठाऊक असावे.

बहुतेक मुलांच्या मध्यकर्णातील पाणी सुमारे तीन महिन्यांत आपोआप निघून जाते. न गेल्यास छोट्या शस्त्रक्रियेने ते काढता येते. फाटलेला पडदा शरीरातीलच पातळ पटलाचा तुकडा लावून दुरुस्त करता येतो, आणि आवश्यक तेथे श्रवणयंत्राचा उपयोग होतो. २००७ साली राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, व तीत श्रवणदोषाचा समावेश आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी संशयित मुलांची नावे व आढळलेली लक्षणे लिहून तयार ठेवल्यास तपासणी अधिक उपयोगी होईल. उपचार चालू असेपर्यंत अशा मुलास पहिल्या ओळीत, चांगला कान शिक्षकांकडे येईल असे बसवावे, आणि फळ्याकडे तोंड करून बोलणे टाळावे.

वर्गात दाखविण्याजोगे प्रयोग

१. बूड फुटलेल्या मडक्याच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधावे. मडके आडवे धरून बुडाकडून मोठ्याने बोलावे व रबरावर बोट हलके टेकवावे. शब्दागणिक रबर थरथरते. मडके उभे, रबर वर येईल असे धरून त्यावर मोहरीचे दाणे ठेवले तर ते उडताना दिसतात. हा कानाचा पडदा.

२. टाचणीचा माथा व टोक दोन्ही मुलांस दाखवून, एकाच बलाने कागदास भोक कोणत्या बाजूने पडते ते करून पाहावे. पडदा व रिकीब यांच्या क्षेत्रफळांचा भागाकार वरच्या वर्गातील मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा.

३. प्रत्येक मुलाने तोंड मिटून गुणगुणावे व एक कान बोटाने बंद करावा. गुणगुण बंद केलेल्याच कानात मोठी ऐकू येते. डोक्याच्या हाडांतूनही ध्वनी कानापर्यंत पोचतो, आणि नळीचे तोंड बंद असल्याने तो बाहेर निसटत नाही, हे यावरून समजते.

हे तिन्ही प्रयोग एका तासिकेत सहज होतात. गुणगुणण्याचा प्रयोग झाल्यावर, दोन्ही कानांत कापूस घालून पाच मिनिटे पाठ ऐकावयास काही मुलांस सांगावे. शेजारच्या बाकावरील ज्या सोबत्यास रोजच असे ऐकू येते, त्याची अडचण त्यांस शब्दांवाचून कळेल. कोणत्याही मुलाच्या प्रगतिपत्रकावर ‘मंद’ किंवा ‘लक्ष देत नाही’ असा शेरा लिहिण्यापूर्वी त्या मुलास ऐकू येते की नाही याची एकदा खात्री करून घेण्याचा परिपाठ प्रत्येक शाळेत असावा.